आधी आडवे पडायचे, मग कार्ड?

महिन्यातल्या एका रविवारी बुद्धवंदना आटोपली की आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही रक्तदाब आणि साखर तपासतो. गेल्या खेपेला त्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल लावले होते, सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांची आयुष्मान कार्डे काढून देण्यासाठी. वस्तीतला एक शिकलेला मुलगा मोबाईलवर आधार क्रमांक टाकत होता आणि आजी-आजोबा सतरंजीवर बसून आपल्या पाळीची वाट पाहत होते.

एका आजींचे कार्ड निघाले. त्या उठून माझ्याकडे आल्या.

"सिस्टर, आता यावर बीपीची गोळी मिळंल ना?"

"नाही आजी. दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर हे कार्ड चालतं."

"आन् सुनेला चालंल का? तिचं बी बीपी वाढतंय. चार घरची धुणीभांडी करती ती."

"नाही. हे तुमच्या वयाचं कार्ड आहे. सुनेला दुसरी योजना आहे, पण तीही भरती झाल्यावरच."

आजी थोडा वेळ कार्डाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आधी आडवं पडायचं, मग कार्ड!"

सगळे हसले. मला हसू आले नाही. रक्तदाबाची रोजची गोळी चुकल्यामुळे अर्धांगवायूने आडवी पडलेली कितीतरी माणसे मी वॉर्डात पाहिली आहेत. गोळी काही रुपयांची असते. आडवे पडल्यावर कमावता हात जातो आणि त्याला सांभाळायला घरातला दुसरा हातही अडकतो.

आजींनी एका वाक्यात जे विचारले, ते साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांनी रस्त्यावर येऊन विचारले होते. त्यांनी काय मिळवले आणि त्यांचे काय राहून गेले, हे आपल्या ज्येष्ठांना माहीत असायला हवे, म्हणून आज ती हकीकत सांगते.

म्हाताऱ्यांची चळवळ

अमेरिकेत आजारपणाचा विमा बहुतेक करून नोकरीसोबत मिळतो. नोकरी संपली की विमा संपतो. आणि माणूस आजारी पडू लागतो ते नेमके त्याच वयात. १९६० च्या सुमारास तिथल्या ६५ वर्षांवरील जवळजवळ निम्म्या लोकांकडे रुग्णालयाचा विमा नव्हता. एका ऑपरेशनमध्ये आयुष्यभराची पुंजी जायची, नाहीतर मुलांच्या दारात हात पसरावा लागायचा.

सर्वांसाठी आरोग्य विमा असावा, असा प्रस्ताव राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्येच मांडला होता. डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, तो हाणून पाडला. तेव्हा सुधारणावाद्यांनी ठरवले की निदान वृद्धांपासून सुरुवात करू. खासदार एमी फोरँड यांनी १९५७ मध्ये तसे विधेयक आणले. पुढे १९६१ मध्ये 'नॅशनल कौन्सिल ऑफ सीनियर सिटिझन्स' ही ज्येष्ठांची संघटना उभी राहिली आणि फोरँड तिचे पहिले अध्यक्ष झाले. मोटार आणि पोलाद कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार हा या संघटनेचा कणा होता. युनियन कशी चालवायची, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. गावोगावी त्यांचे क्लब होते. पत्रे लिहिणे, सह्या गोळा करणे, बस भरून सभेला जाणे, ही कामे त्यांनी नेटाने केली.

समोरची बाजूही गप्प नव्हती. डॉक्टरांच्या संघटनेने १९६१ मध्ये एक ध्वनिमुद्रिका काढली. आवाज होता त्या वेळचे सिनेनट रोनाल्ड रेगन यांचा. सरकारी वैद्यकीय मदत आली तर देशाचे स्वातंत्र्य जाईल, असे ते त्यात सांगत. डॉक्टरांच्या बायका घरी मैत्रिणींना कॉफीला बोलावून ती ऐकवत आणि खासदारांना विरोधाची पत्रे लिहायला लावत.

बाबासाहेब ज्या न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच शहरात २० मे १९६२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो ज्येष्ठ नागरिक जमले. राष्ट्राध्यक्ष केनेडी त्यांच्यासमोर बोलले. डॉक्टरांच्या संघटनेने तेच सभागृह भाड्याने घेतले आणि सभा पांगल्यावरच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहून त्यांच्या नेत्याने टीव्हीवरून उत्तर दिले. दोनच महिन्यांत सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी विधेयक बाजूला पडले. म्हातारे घरी बसले नाहीत. १९६४ च्या निवडणुकीने वारे फिरवले आणि ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी 'मेडिकेअर' कायद्यावर सही केली. ६५ वर्षांवरील माणसाला, तो गरीब असो की श्रीमंत, रुग्णालयाचा विमा मिळाला. पहिले कार्ड वृद्ध ट्रुमन यांना देण्यात आले.

कायदा झाला, पण गरीब वस्त्यांतल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना त्याची खबर कशी पोचणार? त्यासाठी सरकारने गरीब ज्येष्ठांनाच कामावर घेतले. ते दारोदार फिरले आणि नावे नोंदवून घेतली. योजना १ जुलै १९६६ रोजी सुरू झाली, तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख ज्येष्ठ तिच्यात होते.

एकाच दारातून आत

आपल्यासाठी या हकीकतीतला सगळ्यात मोलाचा भाग पुढेच आहे.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसांसाठी रुग्णालयाचे दार वेगळे असायचे. त्यांचे वॉर्ड वेगळे, पुष्कळदा तळघरात. प्रतीक्षागृह वेगळे, संडास वेगळे. कित्येक ठिकाणी रक्ताच्या बाटल्यासुद्धा वेगळ्या ठेवत. अनेक रुग्णालये काळ्या रुग्णाला आत घेतच नसत. १९४६ च्या एका कायद्याने रुग्णालये बांधायला सरकारी पैसा दिला आणि वेगळी रुग्णालये बांधायलाही मुभा दिली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातले काळे दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आपल्या एका रुग्णाला भरती करायला गेले, तेव्हा गोऱ्यांच्या रुग्णालयांनी त्याला दारातूनच परतवले. सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले आणि १९६३ मध्ये जिंकले. पण एक खटला जिंकल्याने हजारो रुग्णालये बदलत नाहीत.

ती बदलली मेडिकेअरच्या पैशाने. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात स्पष्ट लिहिले होते की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला वर्णभेद करता येणार नाही. म्हणजे मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर वेगळे वॉर्ड बंद करावे लागणार. सरकारने तपासनीस पाठवले. ते खोल्या पाहत, जेवणघर पाहत, कोणता रुग्ण कुठे झोपवला आहे ते पाहत. काही रुग्णालये कागदावर सर्व ठीक असल्याचे दाखवत. मग तिथे काम करणारी काळी माणसेच गुपचूप तपासनीसांना खरे काय ते सांगत. चार महिन्यांच्या आत एक हजाराहून अधिक रुग्णालयांनी आपली वेगळी दारे बंद केली.

चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. पाणी तळ्यात होतेच, प्रश्न होता त्याला हात लावण्याचा. तसेच औषध रुग्णालयात असतेच, प्रश्न असतो आत जाण्याचा आणि आत गेल्यावर माणूस म्हणून वागवले जाण्याचा. अमेरिकेतला काळ्यांचा लढा बाबासाहेबांना जवळचा वाटत होता. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले होते. आपल्या तरुणांनी १९७२ मध्ये दलित पँथर उभी केली, ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्याच सुमारास अमेरिकेत म्हाताऱ्यांचेही पँथर होते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी माहीत नाही. वय ६५ झाले म्हणून सक्तीने निवृत्त केलेल्या मॅगी कून या बाईंनी १९७० मध्ये चळवळ सुरू केली. तिला नाव पडले 'ग्रे पँथर्स', म्हणजे पिकल्या केसांचे पँथर. शिकागोत डॉक्टरांच्या संघटनेच्या अधिवेशनाबाहेर या म्हाताऱ्यांनी पथनाट्य केले. त्यात 'आजारी' संघटनेला तपासायला ते डॉक्टर-नर्स होऊन आले आणि तिचे हृदय शोधू लागले, तर तिथे नोटांचे पुडके निघाले! त्यांची मागणी फक्त म्हाताऱ्यांसाठी नव्हती. सर्व वयाच्या सर्व माणसांना उपचार मिळावेत, अशी होती.

जे राहून गेले

ही मागणी अजून पूर्ण झालेली नाही. वृद्धांपासून सुरुवात करू, मग हळूहळू सर्वांना घेऊ, असे १९६५ मध्ये अनेकांना वाटले होते. १९७२ मध्ये अपंग आणि डायलिसिसचे रुग्ण त्यात आले. त्यानंतर वयाची अट उठली नाही ती नाहीच. खुद्द ज्येष्ठांनाही घरी घ्यायच्या औषधांसाठी २००६ पर्यंत थांबावे लागले. दात, चष्मा, कानाचे यंत्र हा खर्च मूळ मेडिकेअरमध्ये अजूनही नाही. म्हणून निवृत्तांच्या संघटना आजही 'मेडिकेअर सर्वांना द्या' अशी मागणी करतात. ज्यांच्या खिशात कार्ड आहे तेच नातवंडांसाठी भांडत आहेत.

आपल्या विहारात परत येऊ

आपल्याकडे २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळण्याची सोय झाली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता सर्व कुटुंबांसाठी खुली आहे. हे मिळवणे आपला हक्क आहे आणि ते सोडू नये. पण दोन्हीं योजनांचा मुख्य भर भरती झाल्यानंतरच्या उपचारांवर आहे. रोजची गोळी, महिन्याची तपासणी, खोकला वाढण्याआधीचा एक्सरे हे त्याच्या बाहेर राहते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल तयार झाला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्या विम्यात बाह्यरुग्ण विभाग आहे, औषध आहे, आजारपणाच्या रजेचा पैसाही आहे. पण धुणीभांडी करणारी सून आणि नाक्यावर उभा राहणारा मुलगा त्या विम्यात बसत नाहीत.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये म्हातारपण आणि आजारपणातल्या मदतीचा उल्लेख आहे. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवते. या तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही, पण निवडणुकीच्या वेळी सरकारला मतदारांपुढे उत्तर द्यावेच लागेल, असे बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितले होते. मतदानाला सकाळी सर्वांत आधी रांगेत कोण उभे असते? आपले आजी-आजोबाच ना?

म्हणून प्रत्येक विहारात ज्येष्ठांनी एवढे करावे:

१. आधारवर वय सत्तर पूर्ण असलेल्या प्रत्येकाचे कार्ड काढून घ्यावे. अडचण आली तर १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. चालता न येणाऱ्यांच्या घरी जावे.

२. जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात, आपला दवाखान्यात, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या मागाव्यात. त्या नसतील तर कोणती गोळी, कोणत्या तारखेला मिळाली नाही, हे विहाराच्या वहीत लिहावे. तीन महिन्यांची वही घेऊन दहा ज्येष्ठांनी मिळून आरोग्य अधिकाऱ्याला भेटावे. एकट्याचे रडगाणे ठरते, वहीचा पुरावा होतो.

३. कुठल्या रुग्णालयात कार्डवाल्यांची रांग वेगळी, खाट वेगळी, बोलणे वेगळे असेल तर तेही वहीत लिहावे. एका ठिकाणी नोकरीत असताना मी 'ते योजनेवाले' हा शब्द रोज ऐकला आहे. त्या शब्दाचा सूर आपल्या लोकांच्या कानाला ओळखीचा आहे.

४. उमेदवार मते मागायला येईल तेव्हा ज्येष्ठांनी एकच प्रश्न विचारावा: भरती होण्याआधीचे औषध आणि तपासणी, सर्व वयाच्या सर्व लोकांना फुकट कधी?

अतिसाराने आजारी पडलेल्या एकाकी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुतले, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. त्याचे वय किती, कार्ड आहे का, असे तथागतांनी विचारले नव्हते.

त्या आजी पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. सुनेला घेऊन. तिचा रक्तदाब १६० वर १०० होता. तिला दवाखान्याची चिठ्ठी दिली आणि वहीत पहिले नाव तिचे लिहिले. आजी म्हणाल्या, "गोळी न्हाई मिळाली तर सांगा. मी येते तुमच्यासंगं सायबाकडं. मला आता कार्ड हाय, मला भ्या कुनाचं?"

जय भीम.