शहाण्या मुलीचा थकवा

मुंबईत चारकोपच्या म्हाडा वसाहतीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं. घरं लहान, बायका दाटीवाटीने बसलेल्या. दोन वर्षांपूर्वी शेजारची बारा वर्षांची मुलगी तिळगुळाचं ताट फिरवत होती. प्रत्येकीसमोर तेच हसू, तेच वाक्य, मान कलती करायची तीच लकब. ‘किती गुणी गं पोर!’ सगळ्या म्हणाल्या. तासाभराने ती बाथरूमला कडी लावून, नळ सोडून बसली. आई हाका मारतेय, ही ओ देईना. रात्री म्हणाली, ‘मावशी कशी हसते ते बघून बघून हसत होते. मग जमेना.’

या मुलीला ऑटिझम आहे हे घरी गेल्या वर्षी कळलं. तोवर ती लाजाळू, हट्टी, हळवी होती.

ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. मुलींच्या बाबतीत हा शब्द मला खटकतो. तो ऐकला की कोपऱ्यात गाडीचं चाक फिरवत बसलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. ही मुलगी तर दिवसभर दुसऱ्यांकडेच बघत असते. कोण कधी हसलं, किती वेळ डोळ्यांत बघितलं, सारं पाठ करते आणि तसंच वागून दाखवते. शास्त्रज्ञ याला मास्किंग म्हणतात. हा लबाडपणा नाही, ही मेहनत आहे, आणि ती शाळा सुटेपर्यंत पुरते. म्हणून बाई सांगतात ‘वर्गात काहीच त्रास नाही’, आणि घरी दप्तर टाकताच रडारड होते. मग दोष आईच्या लाडांना.

पहिल्यापासून चित्र मुलग्यांचंच होतं. लिओ कॅनरने १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन केलं, त्यात मुली तीन. हान्स अ‍ॅस्परगरने १९४४ मध्ये लिहिलेले चारही मुलगे. चार मुलग्यांमागे एक मुलगी, हे प्रमाण पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ते तीनास एकच्या जवळ आलं.

आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तरपासून ऑटिझम धरतात. वागणं किती वेळा दिसतं यावर गुण ठरतात. जिने दिसू न देण्याचीच सवय लावून घेतली, तिचे गुण कुठून येणार? त्यामुळे तपासणाऱ्याने घरातली संध्याकाळ खोदून विचारायला हवी.

काय विचारायचं? एकाच मैत्रिणीला चिकटते का, ती नसली की मधल्या सुट्टीत हरवते का? मांजरं किंवा एखादी मालिका आवडते, यात नवल नाही. पण तासन्‌तास तेच, बारीकसारीक तपशिलासकट? गणवेशाचं लेबल, कुकरची शिट्टी, लोकलमधली गर्दी सोसत नाही का? दहा-बारा वर्षांच्या मुलींचा खेळ सुटतो, गप्पा आणि सूचक बोलणं सुरू होतं. तिथे ही मागे पडते, आणि चिंता, नैराश्य एवढंच निदान होतं. कित्येक बायकांना आपलं कोडं चाळिशीत, लेकराच्या तपासणीच्या निमित्ताने उलगडतं.

अशा तपासणीसाठी मुंबईत ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र २००१ पासून आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्रही मिळू शकतं.

यंदाच्या हळदीकुंकवाला आईने शेजारच्या त्या मुलीला ताट दिलं नाही. लेबल कापलेला जुना सुती फ्रॉक घालून ती स्वयंपाकघरात वाणाच्या वाट्या मोजत, रंगाप्रमाणे रचत बसली होती. एक बाई आत डोकावली, ‘बाहेर ये की गं.’ ती वर न बघता म्हणाली, ‘नको, मी इथे बरी आहे.’ आईने पडदा सरकवला आणि पुढचं ताट स्वतः उचललं.