पात्रता आणि पाठबळ

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेल्या गाडीला थोड्याच वेळात बाजवा स्थानक लागते. जवळच खत-कारखान्याची वसाहत, पलीकडे कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, आणि त्यांच्या शेजारी जुने गाव. अशा गावातील एखाद्या मजुराची मुलगी बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असता रोगांच्या कारणांचा शोध घेऊ इच्छिते, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो पात्रतेचा. संशोधनास पात्र कोणास म्हणावे?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 1979 साली पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची विद्यावृत्ती सुरू केली. तिच्या मुख्य अटी साध्या आहेत. विद्यार्थी वैद्यकीय अथवा दंतवैद्यकीय शाखेचा असावा, महाविद्यालयातील अध्यापकाने मार्गदर्शन पत्करावे, आणि दोन महिन्यांत पुरे होईल असे संशोधन योजून त्याचा प्रस्ताव पाठवावा. दार सर्वांस सारखेच खुले आहे. परंतु वृत्तीची रक्कम हाती पडते ती अहवाल मान्य झाल्यानंतर. सुटीत ज्याला घरच्या खर्चास हातभार लावावा लागतो, त्याला इतके थांबण्याची ऐपत कोठून असणार?

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 1944 पासून शालान्तोत्तर शिष्यवृत्ती चालत आली आहे. 2021 साली सुधारलेल्या नियमांत पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. ही शिष्यवृत्ती शुल्काचा व निर्वाहाचा भार हलका करते; प्रयोगशाळेचे दार मात्र ती उघडून देत नाही. एक योजना गुण पाहते, दुसरी परिस्थिती पाहते. या दोहोंची सांगड अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी 1970 च्या दशकात घातली. वंचित समाजांतून आलेल्या, पदवीच्या अखेरच्या दोन वर्षांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना निर्वाहवेतन आणि मार्गदर्शक ही दोन्ही एकाच योजनेतून मिळत. 2025 साली ती योजना बंद करण्याचा निर्णय झाला.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण बडोद्यानेच पाहिले आहे. सयाजीराव महाराजांनी 1913 साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत उच्च शिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची; अट एवढीच, की परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. त्या तरुणाने कोलंबिया विद्यापीठात आपली योग्यता निःसंशय सिद्ध केली. परंतु 1917 साली तो कराराप्रमाणे नोकरीवर रुजू होण्यास आला, तेव्हा या शहरात त्याला राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातूनही त्याला बाहेर काढण्यात आले. अखेर बडोदे सोडणे भाग पडले.

दरबारने पात्र ठरविलेल्या माणसाला नगराने अपात्र ठरविले! पात्रता कागदावर लिहून देणे सोपे असते. ती टिकविण्यास निवारा, वेळेवर मिळणारे वेतन आणि आपुलकीने शिकविणारा गुरू लागतो. बाजव्याच्या मुलीजवळ बुद्धी आहे की नाही, हे परीक्षा सांगेल. त्या बुद्धीला दोन महिने निर्धास्तपणे काम करता येईल की नाही, हे मात्र योजना आखणाऱ्यांनीच ठरवावयाचे आहे.