आल्प्समधील सायकलमार्ग
यूरोपातील आल्प्स पर्वतश्रेणीच्या दऱ्यांतून व खिंडींवरून जाणाऱ्या रस्त्यांपैकी जे सायकल-प्रवासासाठी आणि सायकल-शर्यतींसाठी विशेषेकरून वापरले जातात, त्यांना सामान्यपणे ही संज्ञा लावली जाते. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया या देशांत असे मार्ग सर्वाधिक आहेत. यांपैकी खिंडींवरील रस्ते सायकलीसाठी बांधलेले नाहीत. किंबहुना त्यांतील कित्येक सायकलीपेक्षा जुने आहेत. तोफा, टपालगाड्या आणि मालाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना झेपेल इतपत चढ ठेवून ते आखले गेले. घोड्याला झेपणारा हा चढ माणसाच्या पायांनाही झेपतो, हे पुढे अनुभवास आले. रेल्वे आणि बोगदे यांनी या रस्त्यांवरील मूळ वाहतूक काढून घेतल्यावर त्यांपैकी अनेकांचे महत्त्व प्रवासी व सायकलस्वार यांच्यामुळेच टिकून राहिले.

खिंड म्हणजे जलविभाजकावरील सखल जागा आणि तिच्यापर्यंत चढत जाणारा रस्ता म्हणजे मराठीतील रूढ अर्थाने घाट. आल्प्समधील खिंडीला बहुधा दोन घाट असतात व ते क्वचितच सारखे असतात. याचे कारण भूरचनेत आहे. हिमयुगातील हिमनद्यांनी येथील दऱ्या इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या कोरल्या आहेत. त्यांचा तळ रुंद व सपाट, बाजूच्या भिंती उभ्या आणि तळात मध्येच मोठ्या पायऱ्या असतात. अशा दरीतून जाणारा रस्ता कित्येक किलोमीटर जवळजवळ सपाट जातो आणि पायरी आली की एकदम वळणे घेत चढू लागतो [⟶ आल्प्स पर्वत].

स्वित्झर्लंडमधील मालोया खिंड (१,८१५ मी.) हे याचे उत्तम उदाहरण होय. नैर्ऋत्येकडून, म्हणजे इटलीतील क्यावेन्ना या गावाकडून ब्रेगाल्या दरीतून येताना सु. ३२ किमी. अंतरात जवळजवळ १,५०० मी. चढावे लागते, त्यांतील शेवटची पायरी तर वळणांवर वळणे रचूनच पार केली आहे. माथ्यावर पोहोचल्यावर मात्र उतार लागतच नाही. समोर एंगाडीन दरीतील सरोवरांची सपाटी पसरलेली असते आणि सेंट मॉरिट्झच्या सरोवरापर्यंत पंधराएक किमी. अंतरात रस्ता जेमतेम ५० मी. खाली येतो. ब्रेगाल्यातील मेरा नदीने आपले पात्र मागे मागे झिजवत नेऊन इन नदीच्या उगमाकडील प्रवाहांचे अपहरण केले. त्यामुळे इनची दरी शिरच्छेद झाल्यासारखी अर्ध्यावर तुटलेली आहे. या भागातील वाराही नियमाला अपवाद आहे. आल्प्सच्या दऱ्यांत सामान्यतः दिवसा वारा खालून वर आणि रात्री वरून खाली वाहतो. ऱ्होन नदीच्या दरीत दुपारनंतर पश्चिमेकडे, म्हणजे दरीच्या खालच्या अंगाला निघालेल्या सायकलस्वाराला उतार असूनही या वाऱ्याशी झगडावे लागते. याउलट वरच्या एंगाडीनमध्ये भर दिवसा ‘मालोया वारा’ खिंडीकडून दरीच्या खालच्या दिशेने वाहतो.

रस्त्यांचा इतिहास : रेशन खिंडीतून (सु. १,५०० मी.) जाणारा ‘व्हिया क्लॉडिया ऑगस्टा’ हा रोमन मार्ग इ. स. पहिल्या शतकात पूर्ण झाला. आज त्याच नावाचा सायकलमार्ग तेथून जातो. आधुनिक रस्त्यांचा प्रारंभ मात्र नेपोलियनच्या सिंप्लॉन रस्त्यापासून (१८०१–०५) मानावा लागतो. इटलीतील स्टेल्व्यो खिंडीचा (२,७५७ मी.) रस्ता या संदर्भात फार बोधप्रद आहे. १८१५ नंतर लाँबर्डी हा प्रांत ऑस्ट्रियाकडे आला आणि तो टिरोलशी जोडण्यासाठी कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२०–२५ या काळात हा रस्ता बांधला. ईशान्येकडील प्रातो गावाच्या बाजूने त्यास ४८ तीव्र वळणे असून २४.३ किमी. अंतरात तो सु. १,८०० मी. चढतो, तरीही सरासरी चढ ७.४ टक्केच पडतो. पुढे १८५९ मध्ये लाँबर्डी ऑस्ट्रियाच्या हातून गेली आणि ज्या कारणासाठी रस्ता बांधला, ते कारण अवघ्या ३४ वर्षांत संपले. पहिल्या महायुद्धात येथे इटली व ऑस्ट्रिया यांच्या सैन्यांची आघाडी होती. युद्धानंतर खिंडीच्या दोन्ही बाजू इटलीत आल्या.

सेंट गोथार्ड खिंडीची (२,१०६ मी.) कथा थोडी वेगळी आहे. १८३० च्या सुमारास झालेल्या तेथील गाडीरस्त्यावरील वाहतूक १८८२ मध्ये रेल्वे-बोगद्याने आणि १९८० मध्ये सु. १७ किमी. लांबीच्या मोटार-बोगद्याने आपल्याकडे ओढून घेतली. दक्षिणेकडील ट्रेमोला दरीतला जुना रस्ता मात्र ग्रॅनाइटच्या घडीव दगडांच्या फरसबंदीसह जतन केलेला आहे. त्यावरून सायकल चालविताना हातांना सतत हादरे बसतात. तरीही अनेक सायकलस्वार शेजारचा गुळगुळीत रस्ता सोडून मुद्दाम हीच वाट धरतात.

फ्रान्समध्ये हौशी प्रवाशांच्या ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ या संस्थेने १९०९ पासून जिनीव्हा सरोवराकाठचे थोनों-ले-बँ ते भूमध्य समुद्रावरील नीस असा सलग मार्ग जुळवण्यास आरंभ केला. सु. ७०० किमी. लांबीचा हा ‘रूत दे ग्रांद झाल्प’ (महा-आल्प्स मार्ग) १९३७ मध्ये इझरां खिंडीचा (२,७६४ मी.) रस्ता खुला झाल्यावर पूर्ण झाला. इझरां ही आल्प्समधील पक्क्या रस्त्याची सर्वांत उंच खिंड होय. दक्षिणेकडील बॉनेतचा रस्ता २,८०२ मी. पर्यंत जातो, पण तो खिंडीच्या (२,७१५ मी.) वर शिखराला घातलेला वळसा आहे, खिंड नव्हे. पूर्वेकडे डोलोमाइट पर्वतात सेल्ला गिरिपिंडाभोवती चार खिंडींना जोडणारा सु. ५५ किमी. चा फेरा प्रसिद्ध आहे.

सायकलस्वार आणि शर्यती : आल्प्सच्या खिंडी सायकलवरून ओलांडणाऱ्या आद्य प्रवाशांत एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल या अमेरिकन लेखिकेचे नाव आदराने घेतले पाहिजे. तिचे ‘ओव्हर द आल्प्स ऑन अ बायसिकल’ हे प्रवासवर्णन १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली, तरी ती आल्प्सच्या उंच खिंडींवर १९११ मध्ये पोहोचली. त्या वर्षी गालिब्ये खिंड प्रथम पार करणारा एमील झोर्झे हा होता. तेव्हा रस्ता माथ्याखालील बोगद्यातून (२,५५६ मी.) जाई, तो बोगदा धोक्याचा ठरून १९७६ मध्ये बंद केल्यावर रस्ता २,६४२ मी. वरील प्रत्यक्ष खिंडीपर्यंत वाढविण्यात आला. बोगदा दुरुस्तीनंतर २००२ मध्ये पुन्हा खुला झाला. शर्यतीचा संस्थापक अँरी देग्रांज याचे स्मारक बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी आहे. याच देग्रांजच्या आग्रहामुळे शर्यतीत गिअर बदलणारी यंत्रणा वापरण्यास १९३७ पर्यंत बंदी होती. यंत्राने नव्हे, स्नायूंनी जिंकावे, अशी त्यामागील भूमिका होती. हौशी प्रवाशांनी या यंत्रणेचा स्वीकार कितीतरी आधी केला होता. या बाबतीत शर्यतीपेक्षा सहलीच अधिक प्रगत होत्या.

जिरो दीतालिया या इटलीच्या शर्यतीत स्टेल्व्योचा समावेश प्रथम १९५३ मध्ये झाला. फाउस्तो कोप्पीने त्या चढावर ह्यूगो कोब्लेटला मागे टाकून ती शर्यत जिंकली. १९६५ पासून शर्यतीतील सर्वोच्च स्थळाला ‘चिमा कोप्पी’ (कोप्पी शिखर) असे नाव दिले जाते. फ्रान्समधील २१ वळणांचा आल्प द्युएझचा चढ कीर्तीने यांच्या तोडीचा असला, तरी तो एका पर्वतीय विश्रामस्थानी संपतो. तेथेही १९५२ मधील पहिला विजेता कोप्पीच होता. या चढावरील वळणांचे क्रमांक खालून वर उतरत्या क्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे किती उरले हे दमलेल्यालाही सहज कळते.

चढउतारांचे शास्त्र : सायकल धरून ८० किग्रॅ. वजन स्टेल्व्योवर दोन तासांत चढवायचे, तर पायांना सतत सु. २०० वॉट शक्ती द्यावी लागते. तीतील जवळजवळ सर्व गुरुत्वाकर्षणावर खर्च होते. ताशी १२ किमी. वेगाला हवेचा विरोध १० वॉटच्याही आत असतो. तेवढ्याच शक्तीने सपाटीवर ताशी ३० किमी. हून अधिक वेग गाठता येतो आणि तेथे मोठा वाटा हवा खाते. म्हणूनच सपाटीवर दुसऱ्याच्या आडोशाने जाणारा स्वार घाटात एकटा पडतो व त्याचे खरे बळ उघडे होते. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सु. २८ टक्क्यांनी कमी असतो आणि तपमान पायथ्यापेक्षा सु. १२° से. ने उतरलेले असते.

उतरणीचा विचार नवखे लोक कमी करतात. चढताना साठलेली ऊर्जा उतरताना हवा व ब्रेक यांनाच शोषावी लागते. ती सर्व ब्रेकमध्ये उतरली, तर सु. चार लिटर थंड पाणी उकळीस येईल. रिमवर दाब देणाऱ्या ब्रेकांमुळे रिम तापून ट्यूब फुटण्याचे प्रसंग घडत. चकती-ब्रेकांमुळे तो धोका बराच कमी झाला आहे. थंडीवर मात्र यंत्राचा उपाय नाही. ५ जून १९८८ रोजी जिरो शर्यत गाव्या खिंडीवर (२,६१८ मी.) हिमवादळात सापडली. चढताना अंग तापलेले होते. बोर्म्योकडे उतरताना ओल्या कपड्यांतील स्वार अक्षरशः गारठले. त्या दिवशी आघाडी मिळविणारा अँड्रू हँपस्टेन पुढे ती शर्यत जिंकला.

दरीमार्ग : शर्यतींच्या कीर्तीमुळे खिंडींची नावे सर्वतोमुखी झाली असली, तरी आल्प्समधील शेती, गावे व भाषा यांची ओळख दऱ्यांतूनच होते. सामान्य प्रवाशाला तेच मार्ग अधिक सोयीचे आहेत. मालोयापासून जर्मनीतील पासाउपर्यंत इन नदीकाठचा मार्ग सु. ५२० किमी. आहे. ऱ्होन व ऱ्हाईन यांच्या काठचे मार्ग स्वित्झर्लंडच्या १९९८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सायकलमार्ग-जाळ्यात अनुक्रमे पहिला व दुसरा म्हणून गणले जातात. साल्झबर्ग ते एड्रिअ‍ॅटिक समुद्रावरील ग्रादो हा सु. ४१० किमी. चा मार्ग इटलीत एका बंद पडलेल्या लोहमार्गाच्या पूल-बोगद्यांवरून जातो. आल्प्सची मुख्य धार ओलांडताना मात्र सायकलस्वाराला टाउर्न बोगद्यातून आगगाडीनेच जावे लागते.

सद्यःस्थिती : उंच खिंडी साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बर्फामुळे बंद असतात व दर वसंतात त्या यंत्रांनी मोकळ्या कराव्या लागतात. उन्हाळ्यात मोटारी व मोटारसायकली यांची गर्दी होते. यावर उपाय म्हणून स्टेल्व्यो, सेल्ला इ. ठिकाणी वर्षातील ठराविक दिवशी रस्ते केवळ सायकलींसाठी राखून ठेवतात. मोटारसायकलींचा आवाज ही दरीतील रहिवाशांचीही तक्रार आहे. या प्रश्नात त्यांचे व सायकलस्वारांचे हित एकच आहे.

याहून गंभीर प्रश्न डोंगरउतारांच्या अस्थिरतेचा आहे. २०१५ मध्ये शांबों जलाशयाजवळील बोगदा भूस्खलनाने बंद पडला आणि त्या वर्षीच्या टूर द फ्रान्समधून गालिब्ये वगळावी लागली. ऑक्टोबर २०२० मधील ‘अ‍ॅलेक्स’ वादळाने रोया दरीतील रस्ते व पूल वाहून नेले. २६ जुलै २०१९ रोजी टूर द फ्रान्समधील स्वार इझरांवरून उतरत असताना पुढे तीन्यकडे जाणाऱ्या रस्त्यावर गारपीट होऊन चिखलाचा लोंढा आला. स्वारांना उतारावरच थांबवून इझरांच्या माथ्यावरील वेळा अंतिम धरण्यात आल्या आणि माथ्यावर सर्वांच्या पुढे असलेल्या एगान बेर्नाल या कोलंबियन स्वाराकडे आघाडीची पिवळी जर्सी आली. दुसऱ्या दिवशीचा १३० किमी. चा टप्पाही दरडींमुळे ५९.५ किमी. वर आणावा लागला.