घरांतील संगणकास कामाला जुंपावें कसें?

चिखली हें इंद्रायणीकांठचें गांव. वर देहू, खालीं आळंदी, आणि पलीकडे कांद्याबटाट्याच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेलें चाकण. अशा ठिकाणीं पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आलेलीं आमचीं घरें १९९७ सालीं गांवासह पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दींत आलीं. पुढें काय झालें हें वाचकांस सांगावयास नको. एका बांधाला कारखान्याची भिंत लागली, दुसऱ्या बांधाला इमारत उभी राहिली, आणि मधल्या तुकड्यांत अजून कोठें मेथी, कोठें कांदा, कोठें झेंडू निघतो. हा तुकडा कसावा, भाड्यानें द्यावा, कीं विकावा, हा प्रश्न आज घरोघर ओसरीवर येऊन बसला आहे. आणि त्याचें उत्तर बहुधा अंदाजानें, शेजाऱ्याकडे पाहून, अथवा भावकीच्या भांडणांत दिलें जातें.

याच ओसरीच्या आंतल्या खोलींत पुष्कळदां एक संगणक असतो. मुलाच्या शिक्षणासाठीं तो घेतलेला असतो. मुलगा कारखान्यांत लागतो, आणि यंत्र कापड पांघरून बसतें. क्वचित् वीजबिल भरण्यास, क्वचित् लग्नाचीं छायाचित्रें पाहण्यास तें उघडतात. घरचा बैल गोठ्यांत बांधून पोसावा आणि नांगरटीला मात्र शेजाऱ्याची जोडी मागावी, त्यांतलाच हा प्रकार आहे. संगणकावरील ज्या आज्ञावलींस सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात, त्यांकडून अधिक काम घेण्यास मोठी विद्या लागत नाहीं. सूत्र एकच आहे: गोष्ट एकदांच लिहावी, पण अशा रीतीनें लिहावी कीं तिचा उपयोग पुन्हां पुन्हां करतां यावा. हें सूत्र हिशेबास, मराठी लेखनास, नकाशास व मालावरील चिठ्ठीस कसें लागू पडतें, तें आम्ही क्रमानें सांगतों.

हिशेबाचें पत्रक

अमेरिकेंतील हार्वर्ड येथें व्यापारशास्त्र शिकत असतां डॅन ब्रिक्लिन यांनीं आपल्या शिक्षकांस फळ्यावर आंकड्यांचें कोष्टक मांडतांना पाहिलें. एक आंकडा बदलला कीं त्याखालचे सर्व आंकडे पुसून पुन्हां मांडावे लागत. हें काम यंत्रानें आपोआप कां करूं नये, या विचारांतून त्यांनीं बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्यानें १९७९ सालीं ‘व्हिसिकॅल्क’ ही आज्ञावली बाजारांत आणली. आजचें एक्सेल अथवा लिबरऑफिसमधील कॅल्क हीं त्याच जातीचीं आहेत. लिबरऑफिस २०१० सालीं निघालें. त्यास मोल पडत नाहीं, आणि त्याचे पर्याय मराठींतही वाचतां येतात.

या पत्रकाचा खरा गुण बेरीज करण्यांत नसून, एक आंकडा बदलतांच त्यावर अवलंबून असलेले सर्व आंकडे बदलण्यांत आहे. परंतु आम्हीं पाहिलेल्या बहुतेक घरांत त्याचा उपयोग रेघा मारलेल्या कागदासारखा होतो. एकाच चौकटींत ‘कांदा ५ गोणी ६००० दिले’ असें लिहितात, मधेंच बेरीज घालतात, शोभेसाठीं चौकटी जोडतात. असें लिहिलेलें माणसास समजतें, यंत्रास समजत नाहीं. म्हणून पहिल्या ओळींत तारीख, तुकडा, पीक, बाब, नग, दर, रक्कम, आणि जमा कीं खर्च, अशीं आठ शीर्षकें घालावीं. त्याखालीं प्रत्येक व्यवहारास एकच ओळ द्यावी. मधें रिकामी ओळ सोडूं नये, आणि बेरजा दुसऱ्या पानावर घ्याव्या. आंकडे इंग्रजी अंकांत घालावे, म्हणजे गणितांत घोटाळा होत नाहीं.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. एकदां ‘कांदा’, एकदां ‘कांदे’ असें लिहिलें तर यंत्र तीं दोन पिकें समजतें. यासाठीं ‘डेटा’ या पर्यायांत ‘व्हॅलिडिटी’ म्हणून सोय आहे. तेथें पिकांची यादी एकदां देऊन ठेवावी; मग लिहिणाऱ्यास त्या यादींतूनच नांव निवडावें लागतें. अशी नोंद झाल्यावर ‘पिव्हट टेबल’ या सोयीनें पिकांचीं नांवें उभीं, बाबी आडव्या आणि रकमा मधें मांडल्या, कीं कोणत्या पिकावर कशापायीं किती गेलें याचें कोष्टक क्षणांत तयार होतें.

आतां एक एकर कांद्याचें उदाहरण घेऊं. आंकडे केवळ समजुतीसाठीं धरले आहेत. बी, खत, औषध, पाणी व बाहेरची मजुरी मिळून खर्च ६२,००० रुपये आणि उत्पन्न ८० क्विंटल. एवढ्यावरून क्विंटलास ७७५ रुपये पडले असें मानून, १,००० रुपये भाव येतांच गृहस्थ समाधानानें घरीं येतो. परंतु वाहतूक, हमाली, तोलाई व बारदान यांपायीं क्विंटलमागें १५० रुपये, म्हणजे एकंदर १२,००० रुपये गेले, आणि घरच्या माणसांनीं ४० दिवस काम केलें, तें त्यानें लिहिलेलेंच नाहीं. दिवसाला ४०० रुपये धरले तर घरच्या कष्टाचे १६,००० रुपये होतात. सर्व खर्च ९०,००० रुपये, म्हणजे क्विंटलास १,१२५ रुपये झाला. हातांत रोख राहिले ते अवघे ६,००० रुपये. घरच्या माणसांस दिवसाला १५० रुपये मिळाले! तीं घरचीं म्हणून बोललीं नाहींत इतकेंच.

याच पत्रकांत उत्पन्नाच्या चौकटींत ८० च्या जागीं ७० घातलें, तर बाजारखर्च घटून एकंदर खर्च ८८,५०० रुपये होतो, पण क्विंटलास पडलेली किंमत १,२६४ रुपयांवर जाते. कागदावर हें सर्व पुन्हां मांडण्याचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यानेंच पुष्कळ चुकीचे निर्णय होतात. ‘गोल सीक’ ही सोय याच्या उलट बाजूनें काम करते. घरच्या माणसांस दिवसाला ४०० रुपये मिळावेत असें ठरवून तिला विचारावें, म्हणजे त्यासाठीं किती भाव यावयास हवा तें ती सांगते. अशीं तीन वर्षांचीं पत्रकें जवळ असली म्हणजे, तुकडा भाड्यानें मागणाऱ्या गाळेवाल्याशीं बोलतांना आपल्या बाजूसही आंकडा असतो. गोठ्यास मिळणारा चारा, घरची भाजी आणि वाडवडिलांची माती यांची किंमत पत्रकांत सर्वस्वी येत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण जें मोजतां येतें तें मोजून मग उरलेल्याचा विचार करणें शहाणपणाचें.

मराठी अक्षर

संगणकावर मराठी आणण्याचें मोठें काम आपल्या पुण्यांतच झालें. १९८८ सालीं येथें सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि भारतीय लिप्यांसाठीं तिनें केलेलें काम देशभर गेलें. पण त्या काळच्या पुष्कळ मराठी टंकांत एक अडचण होती. इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेल्या असत. तोच टंक दुसऱ्या यंत्रावर नसला कीं मजकुराच्या जागीं अर्थहीन चिन्हें दिसत. आमच्या मंडळाची जुनी सभासदयादी अशीच गेली. यंत्र बदललें, टंक मिळेना, आणि अनेक वर्षांचीं नांवें कागदी दप्तरावरून पुन्हां लिहावीं लागलीं.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्थान मिळालें. त्यांत प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक असतो. म्हणून लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचतां येतो, त्यांत शब्द शोधतां येतो, आणि नांवें अनुक्रमें लावतां येतात. लिहिण्यासाठीं इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकावी; ती बहुतेक यंत्रांत आधींच असते. तिच्यांत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजनें उजव्या हाताकडे आहेत. रोज अर्धा तास दिला तर कांहीं आठवड्यांत हात बसतो. एक खूण येथें सांगून ठेवतों. साधा र घेऊन लिहिल्यास ‘शेतकर्यांचा’ असें उमटतें, व आपलेंच नांव आपण चुकीचें लिहितों. शिफ्ट दाबून र ची कळ दाबावी, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो. त्यापुढें हलन्ताचें चिन्ह व य घालावा, म्हणजे ‘शेतकऱ्यांचा’ असें शुद्ध उमटतें.

यादी एकदां युनिकोडांत झाली कीं ‘मेल मर्ज’ या सोयीचा लाभ होतो. पत्राचा मजकूर एकदां लिहावा, नांवाच्या जागीं यादींतील शीर्षक ठेवावें. दोनशें सभासदांस दोनशें पत्रें ज्याच्या त्याच्या नांवानें छापून निघतात. पाणीवाटपाची सूचना असो कीं घरच्या लग्नाचें आमंत्रण, रीत तीच.

नकाशा आणि मालाची चिठ्ठी

आपला तुकडा कागदावर पाहण्याची हौस कोणास नसते? क्यूजीआयएस ही मोफत आज्ञावली त्यासाठीं आहे. हवाई चित्रावर बांधाची रेघ ओढावी, विहीर, जलवाहिनी, झाडें वेगवेगळ्या थरांवर मांडावीं. थर वेगळे असल्यानें एकाच नकाशावरून आज पाण्याचा, उद्यां पिकांचा नकाशा काढतां येतो. ती क्षेत्रफळही सांगते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्यें असतें, आणि आपली जीभ मात्र एकर-गुंठ्यांची आहे. म्हणून पत्रकांत एक सूत्र करून ठेवावें. हेक्टरास २.४७१ नें गुणलें कीं एकर येतात, आणि राहिलेल्या अपूर्णांकास ४० नें गुणलें कीं गुंठे. १ हेक्टर २० आर म्हणजे २ एकर व सुमारें साडेअडतीस गुंठे. मात्र हा नकाशा केवळ घरच्या उपयोगाचा समजावा. हद्दीचा वाद असेल तेथें भूमिअभिलेख खात्याची मोजणीच ग्राह्य धरली जाते.

मालाच्या चिठ्ठीचेंही असेंच. वडगांव मावळच्या भातसंशोधन केंद्रांतून निघालेल्या ज्या वाणास आपल्या नदीचें नांव मिळालें, तो इंद्रायणी तांदूळ आज पिशव्यांतून दूरवर विकला जातो. पण पिकविणाऱ्याची पिशवी पुष्कळदां कोरी असते, आणि नांव व्यापाऱ्याचें होतें. इंकस्केप ही मोफत आज्ञावली चित्र ठिपक्यांनीं न काढतां रेषांच्या गणितानें काढते. म्हणून एकदां काढलेली खूण पाव किलोच्या पिशवीवर जितकी रेखीव, तितकीच मोठ्या फलकावर राहते. छायाचित्र उजळण्यास गिंप आहे. चिठ्ठीवर मालाचें नांव, निव्वळ वजन, किंमत, भरल्याची तारीख, आपलें नांव-पत्ता व अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक हीं नीट वाचतां येतील अशीं असावीं, वेलबुट्टी त्यानंतर.

जतन

इतकें करून तें एकाच यंत्रांत ठेवणें म्हणजे सगळें बी एकाच कणगींत भरणें होय. संत तुकाराममहाराजांची गाथा इंद्रायणींतून तरून वर आली अशी परंपरा आपण जाणतों. चाकणच्या संताजी जगनाड्यांनीं त्यांचे अभंग लिहून ठेवले, हेंही जाणतों. तरण्याची आशा चोपडीनें धरूं नये. लिहून ठेवण्याचा धडा मात्र घ्यावा. प्रत्येक पत्रकाच्या तीन प्रती असाव्या: एक यंत्रांत, एक बाहेरच्या तबकडींत अथवा पेनड्राइव्हवर, आणि एक घराबाहेर, नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील सुरक्षित जागीं. वर्षांतून दोनदां ती प्रत उघडून पहावी; न उघडलेली प्रत असून नसल्यासारखी. धारिकेचें नांव ‘नवीन’, ‘नवीन दोन’ असें न ठेवतां वर्ष, महिना व विषय घालून ठेवावें, म्हणजे दहा वर्षांनींही सांपडतें.

चोरून उतरविलेल्या आज्ञावली वापरूं नयेत. त्यांबरोबर पुष्कळदां रोग येतो. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. ज्या जुन्या यंत्रांवर पुढील आवृत्ति चालत नाहीं तीं भंगारांत देण्यापूर्वीं त्यांवर लिनक्स घालून पहावें; वर सांगितलेल्या मोफत आज्ञावली त्यावरही चालतात.

सर्व कामें एकदम अंगावर घेऊं नयेत. येत्या हंगामांत एकच तुकडा, एकच पीक आणि आठ शीर्षकांचें एकच पत्रक एवढें धरावें. रोज सायंकाळीं दिवेलागणीनंतर पांच मिनिटें द्यावीं. सुनेनें किंवा मुलीनें नोंद केली तर उत्तमच, कारण घरच्या कष्टाचा दिवस विसरला जाऊं नये याची आठवण तिलाच अधिक असते. पीक निघाल्यावर ज्या रात्रीं बेरीज पाहाल, त्या रात्रीं तुकड्याविषयींचें बोलणें पूर्वींपेक्षां निराळें होईल. निर्णय कोणताही घ्या. तो शेजाऱ्याच्या नव्हे, आपल्या आंकड्यांवर घेतलेला असावा, एवढीच आमची विनंति आहे.