कवडशातली धूळ

दसऱ्यानंतरच्या सोमवारी, १४ ऑक्टोबर २०२४ ला, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर (अगाशीवर म्हणायचं, वडोदऱ्यात राहतो आपण) संध्याकाळी वीसेक जण जमले होते. त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू पश्चिमेला दिसणार होता. सातच्या सुमारास तो दुर्बिणीत सापडला, मग मोबाइलच्या फोटोत शेपटीसकट आला. तिसऱ्या मजल्यावरच्या चिमुरडीने विचारलं, "आजी, हा पेटलाय का?"

"नाही गं, धूळ आहे ती. सूर्याचा उजेड पडून दिसते."

"मग आपल्या घरातली धूळ का नाही चमकत?"

चमकते की! दुपारी खिडकीच्या फटीतून कवडसा येतो, तेव्हा उजेडाकडे तोंड करून बघा. कण लखलखतात. उजेडाकडे पाठ केलीत की तेच कण मंद होतात. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठा कण बराचसा उजेड पुढच्या दिशेलाच फेकतो. ९ ऑक्टोबरच्या सुमारास हा धूमकेतू जवळजवळ सूर्य आणि पृथ्वीच्या मधे आला होता. सोहो यानाच्या छायाचित्रांत तेव्हा तो झळाळून निघाला, त्याचं हे मोठं कारण.

पण ती धूळ असते कशी, हे तिने विचारलं नाही, याचं मला बरंच वाटलं. त्या प्रश्नाचं माझ्याकडे जुनं देणं आहे.

हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी एम. फिल.साठी त्याच्या धुळीचं गणित घेतलं. धुळीवरून विखुरलेला प्रकाश थोडा ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपनं एका दिशेला जास्त होतात. पोलरॉइडचा गॉगल डोळ्यांसमोर फिरवला की काचेवरची तिरीप कमी-जास्त होते, तोच प्रकार. सूर्य, धूमकेतू आणि आपण यांच्यातला कोन बदलला की ध्रुवीकरणही बदलतं. नव्वद अंशांच्या आसपास ते सर्वांत जास्त भरतं. कोन वीसेक अंशांच्या खाली गेला, की मात्र त्याची दिशाच उलटते. आलेख शून्याच्या खाली उतरतो. हा छोटासा उलटा भाग म्हणजे सगळी डोकेदुखी.

गणित होतं गुस्ताव मी यांचं, १९०८ सालचं. ते अचूक आहे, पण गुळगुळीत गोलासाठी. मी फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहिला. एका आकाराच्या गोलाचा आलेख नुसता लाटा लाटांचा आला. मग निरनिराळ्या आकारांचे गोल मिसळले, लाटा सपाट झाल्या. कण कोणत्या पदार्थाचा, याचे आकडे थोडे इकडे-तिकडे केले. आलेख निरीक्षणांवर छान बसला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एवढंच विचारलं, "बाई, ही धूळ खरंच गोल आहे का?" मी म्हटलं, "सर, आकडे जुळतात." ते हसले आणि त्यांनी सही केली. ते हसणं मला अजून आठवतं. मला ठाऊक होतं की आकडे जुळले नव्हते, मी ते जुळेपर्यंत फिरवले होते.

पुढे नोकरी, संसार, कॉलेजातली प्रॅक्टिकलं. धुळीकडे परत वळलेच नाही. मधल्या काळात रोझेटा यान २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षं ६७पी धूमकेतूपाशी राहिलं. त्यावरच्या सूक्ष्मदर्शकाने बारीक सुईने कण अक्षरशः चाचपून पाहिले. कण गोल नव्हते. छोट्या कणांचे पुंजके होते, आणि ते छोटे कणही आणखी छोट्यांचे. आपला राजगिऱ्याचा लाडू आठवा, दाणा दाण्याला चिकटलेला आणि मधे पोकळी. सगळेच लाडू नसतात, हेही खरं. स्टारडस्ट यानाने वाइल्ड-२ची धूळ २००६ मध्ये पृथ्वीवर आणली, त्यात घट्ट खडेही होते. १९९७ च्या हेल-बॉपचं ध्रुवीकरण इतर धूमकेतूंपेक्षा जास्त भरलं होतं. ते आपल्याजवळच्या माउंट अबूच्या गुरुशिखर वेधशाळेतूनही मोजलं होतं. त्याचा प्रकाश समजावतानाही पुंजके आणि घट्ट कण अशी मिसळ धरावी लागली.

लाडवाचं गणित करायचं कसं? पर्सेल आणि पेनीपॅकर यांनी १९७३ मध्ये वाट दाखवली. कणाचे शेकडो-हजारो बारीक ठिपके कल्पायचे. उजेड पडला की प्रत्येक ठिपका थरथरतो आणि त्याची थरथर बाकी सगळ्यांना जाऊन भिडते. ही सगळी समीकरणं एकदम सोडवायची. माझ्या वेळी विद्यापीठाच्या संगणकाला हे झेपलं नसतं. आज असा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर चालतो. (प्रोग्रॅम चढवताना दोन दिवस गेले आणि मुलाच्या संयमाची परीक्षा झाली, ते सोडा.)

दिवाळीनंतर बसले. ६४ गोळ्यांचा पुंजका केला, ठिपके पाडले. पहिल्या फेरीत ध्रुवीकरण नव्वद अंशांजवळ छान वर गेलं, पण उलटा भाग आलाच नाही. मग लक्षात आलं की मी लाडू मोजक्याच दिशांनी फिरवला होता. आकाशात अगणित कण हव्या त्या दिशेला तोंड करून असतात, सरासरी त्या सगळ्यांची हवी. दिशा वाढवल्या. आलेख शून्याच्या जरासा खाली उतरला, पण निरीक्षणांइतका नाही. पदार्थाचे आकडे किंचित हलवले असते तर कदाचित बसलाही असता. हात कीबोर्डवर गेला होता, खोटं कशाला बोलू?

ते आकडे मी तसेच ठेवलेत. त्याऐवजी पुंजका मोठा करून लावलाय, २५६ गोळ्यांचा. तीन रात्री झाल्या, अजून चालूच आहे. सूनबाई म्हणतात, लॅपटॉपवर फुलके भाजता येतील. तिसऱ्या मजल्यावरची चिमुरडी रोज शाळेतून आल्यावर डोकावते, "आजी, लाडू झाला का?"