शेळीला नजर लागत नाही

मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणात, कडुनिंबाखाली दोन शेळ्या कायम बांधलेल्या असायच्या. अम्मी त्यांना आपली बँक म्हणायची. शाळेची फी असो, दवाखाना असो की सणाचे कपडे, नड आली की एखादा बोकड बाजारात जायचा.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मृगाचा पाऊस पडला आणि धुऱ्यावर लुसलुशीत गवत उगवलं. आमच्या एका करडाला मी दिवसभर हौसेनं चारलं. संध्याकाळी शेजारच्या मावशी म्हणाल्या, "भाभी, काय गुबगुबीत झालं हो तुमचं करडू!" सकाळी पाहतो तर करडू मान मागे टाकून, पाय ताणून मरून पडलेलं. नजर लागली, असं अम्मीनं ठरवलं. दोन वर्षं तिनं मावशींशी बोलणं टाकलं.

पुढे मोठेपणी ही हकिकत मी एका पशुवैद्यकाला सांगितली. ते म्हणाले, "हा आंत्रविषार. तुम्ही कोवळं गवत पोटभर चारलंत ना?" मी गप्पच झालो.

आंत्रविषाराचे जंतू शेळीच्या आतड्यात थोड्या संख्येनं एरवीही असतात आणि त्रास देत नाहीत. पण कोवळा चारा किंवा धान्य एकदम जास्त पोटात गेलं की ते झपाट्यानं वाढतात आणि विष तयार करतात. हे विष रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतं. मग करडू लटपटतं, झटके देतं आणि काही तासांत संपतं. जे करडू जास्त खातं तेच आधी सापडतं. धष्टपुष्ट जनावर असं अचानक गेलं की माणसाला नजरच आठवते!

रोग दिसल्यावर औषधाला वेळच उरत नाही. म्हणून लस आधी द्यायची, मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर. पहिल्यांदा देताना दोन ते तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस आणि नंतर दरवर्षी एक. करडू तीन महिन्यांचं झालं की त्यालाही. गाभण शेळीला विण्याच्या साधारण महिनाभर आधी लस मिळाली, तर तिच्या चिकातून पिलाला सुरुवातीचं संरक्षण मिळतं. मात्र चीक जन्मल्यावर लगेच पाजायला हवा.

दुसरा मोठा शत्रू पीपीआर. याला शेळ्यांची बुळकांडी म्हणतात. ताप, नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण, मग न्यूमोनिया. आपल्या देशात हा रोग १९८७ मध्ये तामिळनाडूत प्रथम आढळला. तो माणसाला होत नाही, पण कळपात वाऱ्यासारखा पसरतो. यावरची लस एकदा दिली की सुमारे तीन वर्षं पुरते. गुरांची बुळकांडी लसीच्या जोरावर २०११ मध्ये जगातून गेली. आता शेळ्यांची बुळकांडी २०३० पर्यंत घालवायचं जगानं ठरवलं आहे. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा आपल्या गाईंना वाचवायला शेळ्यांच्या देवीची लसच कामी आली.

लस टोचली म्हणजे काम संपलं, असं मात्र नाही. लसीच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध द्यावं. आजारी, तापलेल्या जनावराला लस देऊ नये. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर एकदम सोडू नये. आधी थोडं सुकं कुटार खाऊ घालावं आणि हिरवं हळूहळू वाढवावं. बसायची जागा कोरडी ठेवावी. बाजारातून आणलेली शेळी तीन-चार आठवडे वेगळी बांधावी. बकरी ईदच्या आधी गावोगावचे बोकड एका बाजारात येतात आणि तिथून घरोघरी जातात. अंगणात आधीच शेळ्या असतील, तर नवा बोकड त्यांच्यापासून दूर बांधणं हे शहाणपण.

आणखी एक गोष्ट. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, म्हणून डॉक्टर ती बर्फाच्या डब्यातून आणतात. पीपीआरच्या एका कुपीत अनेक जनावरांचे डोस असतात आणि लस एकदा विरघळवली की थोड्या वेळात संपवावी लागते. एकट्यादुकट्या शेळीसाठी कुपी फोडली तर उरलेली वाया जाते. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून दिवस ठरवावा, जवळच्या ढोरांच्या दवाखान्यात आधी कळवावं आणि साऱ्या आळीच्या शेळ्या एकाच वेळी न्याव्यात. लसीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

मावशी आता नाहीत. त्यांची नजर वाईट नव्हती, चारा माझ्या हातचा होता, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. म्हणून आज तुम्हाला सांगितलं. तुमच्या शेजारणीनं करडाचं कौतुक केलं तर खुशाल करू द्या. फक्त त्याआधी त्याला लस दिलेली असू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)