पठारावरच्या पवनचक्क्या आणि आपल्या घराचे छप्पर

साताऱ्याहून सज्जनगड मागे टाकून ठोसेघरच्या पुढे गेले की चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. पाटण तालुक्यात वनकुसवडे, सांगली जिल्ह्यात गुढे-पाचगणी आणि ढालगाव, इथेही तेच दृश्य. सहलीला आलेली मुले हमखास विचारतात, "या कोणी लावल्या?"

वारा अल्लाहची नेमत. तिला कामाला लावण्याचे हुन्नर मुस्लिम जगात जुने आहे. इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवरील सीस्तानातल्या पवनचक्क्यांचे वर्णन दहाव्या शतकात मसूदी आणि इस्तखरी यांनी केले आहे.

आपल्या पठारांवर मात्र नुसत्या वाऱ्याने चक्क्या आल्या नाहीत. आधी वारा मोजावा लागला. हवामानशास्त्रज्ञ अन्ना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली १९८०च्या दशकात देशभरातील वाऱ्याच्या नोंदी घेण्यात आल्या. १९८५मध्ये राज्याने 'महाऊर्जा' ही संस्था स्थापन केली. पुढे केंद्राने चक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करू दिली आणि राज्याने विक्रीकरात सवलत दिली. २००३मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने पवनविजेचा दर ठरवला. नव्या तंत्राचा धोका एकटा व्यापारी पत्करत नाही. तो सरकारने वाटून घेतला.

पण या मदतीत एक खोट होती. घसाऱ्याची सवलत चक्की उभारण्यावर मिळे, ती किती वीज देते यावर नव्हे. फायदा अर्थातच मोठा कर भरणाऱ्यांना झाला. पठारावरच्या शेतकऱ्याकडे वाचवायला करच नव्हता. २००९मध्ये केंद्राने प्रत्यक्ष तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आणली, तेव्हा उत्पादनाला मोल आले.

आता सरकारी मदत आपल्या छपरापर्यंत आली आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज मिळते. वीजबिलावरील ग्राहक क्रमांक देऊन राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करायचा, नोंदणीकृत विक्रेता निवडायचा. महावितरणचा नेट मीटर बसल्यावर अनुदान खात्यात जमा होते.

अडचण इथेच आहे. पैसे आधी घालायचे, अनुदान नंतर. योजनेत कमी व्याजाचे कर्ज आहे, पण व्याजापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांना ते चालत नाही. अशा वेळी एका किलोवॅटपासून सुरुवात करता येते. नात्यागोत्यातून कर्जे हसना किंवा बिनव्याजी भिशी उपयोगी पडते. सोबत लोकप्रतिनिधींकडे मागणीही करावी: अनुदान थेट विक्रेत्याला द्या, म्हणजे कुटुंबाला उरलेलीच रक्कम भरावी लागेल. नाहीतर पठारावर झाले तेच होईल. ज्यांच्याकडे आधीच पैसा, त्यांनाच मदत.

तोवर एक काम घरातच करता येईल. वीजबिल काढा, मागील बारा महिन्यांचे युनिट पाहा आणि इसराफ कुठे होतो ते शोधा. खरी गरज कळली की किती किलोवॅट हवे, हेही कळेल.